स्टुटगार्टमध्ये ६०,००० युरोंत तिघांचं घर चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चाकणला डिझाइन इंजिनिअर आहात, स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीकडून वर्षाला ६०,००० युरोंची ऑफर आली आहे. पत्नी फिजिओथेरपिस्ट, मुलगी चार वर्षांची, आणि मोशीच्या फ्लॅटचा महिन्याला ३८,००० रुपये हप्ता चालू आहे. युरोचा भाव शंभराच्या घरात धरून तुम्ही ६० लाखांचा आकडा काढलात आणि विचारलंत की यातले हातात किती राहतील, आणि तिथलं आयुष्य लोक म्हणतात तसं खरंच सुखाचं असतं का.

मी तेरा वर्षं स्टुटगार्टला राहते आणि त्यातली दहा वर्षं एका कर सल्लागाराच्या कार्यालयात पगारपत्रकं करते. दर महिन्याला शेकडो पगार माझ्या हाताखालून जातात, त्यात आपल्याकडून आलेल्यांचेही असतात. त्यामुळे आकड्यांचं नीट सांगू शकेन. पण आधी एक सांगते. तुम्ही शिलकीबद्दल विचारलंत, मला मात्र तुमच्या पत्रात दुसराच प्रश्न दिसतो: एका पगारावर तुम्ही किती दिवस काढणार? जर्मनीत एका पगारावर तिघांचं घर व्यवस्थित चालतं, पण फारसं साठत नाही. दुसरा पगार सुरू झाला की सगळं चित्र पालटतं. आणि तो दुसरा पगार कधी सुरू होईल हे बऱ्याच अंशी तुम्ही पुण्यात असताना काय करता त्यावर ठरतं.

आधी पगार बघू. ६०,००० म्हणजे महिन्याला ५,००० युरो. यातले पेन्शनला ४६५, आरोग्य विम्याला ४३० च्या आसपास, म्हातारपणीच्या शुश्रूषेच्या विम्याला ९०, बेकारी विम्याला ६५ असे जवळपास १,०५० युरो करापूर्वीच कापले जातात. कंपनीही जवळपास तेवढेच भरते, ते तुमच्या आकड्यात दिसत नाहीत. मग आयकर. नवरा-बायकोपैकी एकच कमावत असेल तर तुम्ही कराच्या तिसऱ्या वर्गात जाता आणि कर सव्वाचारशेच्या आसपास बसतो. हातात येतात साधारण ३,५०० युरो. एकटा माणूस पहिल्या वर्गात असतो, त्याला याच पगारातून ३,१०० मिळतात. तुमच्या मित्रांनी सांगितलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे बहुधा हे वर्गांचं कारण असावं. मुलीसाठी सरकारकडून किंडरगेल्ट मिळतो, २०२६ पासून महिन्याला २५९ युरो. म्हणजे तिघांच्या घरात येणार ३,७५० च्या थोडे वर.

एक बारीक गोष्ट. नावनोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं तर आयकराच्या ८ टक्के चर्च कर या राज्यात, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, लागतो, इतर बहुतेक राज्यांत ९ टक्के. आपल्या लोकांना तो लागत नाही, पण गोव्याकडचे, वसईचे कॅथलिक मित्र येतात तेव्हा पहिली पगाराची चिठ्ठी बघून चकित होतात, म्हणून सांगून ठेवते.

आता खर्च. इथल्या खर्चाचा कणा म्हणजे घरभाडं, बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. जाहिरातीत दोन आकडे असतात: काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. तुमचं गणित नेहमी दुसऱ्या आकड्यावर करा, आणि वीज त्यातही नसते. तिघांसाठी ७५ चौरस मीटरचं घर शहराच्या कडेला किंवा एस-बान या लोकल गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवरच्या गावात घेतलं तर मी १,५०० युरो वार्म धरेन. शहराच्या मध्यात तेच घर १,८०० वर सहज जातं. म्युनिकला गेला असतात तर याहून जास्त, लायप्झिश किंवा केमनिट्झला बरंच कमी. म्हणून "जर्मनीत खर्च किती" या प्रश्नाला शहर सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

घर मिळवणं हेच इथलं सगळ्यात दमवणारं काम आहे. घरमालक तीन पगारपत्रकं मागतो, शूफा नावाचा पतदाखला मागतो, आणि नव्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत भरायचा तुम्हाला हक्क आहे, हे फार जणांना माहीत नसतं. आमचं पहिलं घर पाहिलं तेव्हा स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप आणि एक विजेची तार होती, बस. ना ओटा, ना शेगडी, ना सिंक. इथे भाडेकरू स्वयंपाकघर स्वतःचं आणतो आणि जाताना घेऊन जातो किंवा पुढच्याला विकतो. आधीच्या भाडेकरूकडून आम्ही ते २,५०० युरोंना घेतलं, आणि त्या महिन्यात आमच्याकडे तेवढेच होते. म्हणून कंपनीशी बोलताना पगारात हजार-दोन हजार वाढवून मागण्याऐवजी पहिले तीन महिने सामानासकट घर आणि स्थलांतराचा खर्च मागा. वाढीव पगारातला निम्म्याच्या आसपास कर आणि विम्यात जातो, घर मात्र पुरतं मिळतं.

बाकीचं पटकन सांगते. वीज, इंटरनेट, मोबाइल आणि रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी (ती दर घराला महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो) मिळून १७०. किराणा, भाजी, घरचं लागणारं सगळं ६५०. तुमच्या दोघांचे डॉइचलांडटिकिट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या, ट्राम आणि बसचा पास, २०२६ पासून प्रत्येकी ६३. तो २०२३ च्या मे महिन्यात ४९ ला सुरू झाला होता, तरी अजूनही गाडी ठेवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. मुलीला सहा वर्षांपर्यंत तिकीट नाही. बालवाडीचे २५० धरा. बर्लिनला ती फुकट आहे, स्टुटगार्टच्या राज्यात गावागणिक आणि तासांप्रमाणे फी बदलते, म्हणून हा आकडा सैल आहे. कपडे, बूट, किरकोळ २००. इथल्या हिवाळ्यात बुटांवर पैसे वाचवू नका. चुकून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा वर्षाला शंभराच्या आत मिळतो, तो पहिल्याच आठवड्यात काढा.

एकूण २,९०० च्या जरा वर. शिल्लक आठशेच्या थोडी वर. त्यात वर्षातून एकदा तिघांनी पुण्याला जायचं तर शाळेच्या सुट्ट्यांत अडीच ते तीन हजार युरो लागतात, म्हणजे महिन्याचे सव्वादोनशे. उरले सहाशे, साधारण ६०,००० रुपये. तुमचा हप्ता ३८,००० आहे. आता कळेल की ६० लाखांचा तो आकडा मनातून काढून टाका असं मी का म्हणते. मोशीचा फ्लॅट भाड्याने गेला तर हप्त्याचा भार हलका होईल, तेवढी सोय निघण्यापूर्वी करून ठेवा.

किराण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यात इथेच पैसे घालवतो. भारतीय दुकानातून फक्त तूरडाळ, पोहे, हिंग, कढीपत्ता असं जे दुसरीकडे मिळत नाही तेवढंच आणा. मसूर, हरभरे, बेसनाजोगं पीठ, कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या, पुदिना हे तुर्की दुकानात ताजं आणि स्वस्त मिळतं. दूध, दही, फळं साध्या सुपरमार्केटात. आणि हा मुलूख श्वाबेन लोकांचा, ते स्वतः मसूर शिजवून खातात, त्यामुळे मसुराची पाकिटं कोणत्याही गल्लीतल्या दुकानात असतात. रविवारी दुकानं बंद. पहिले दोन-तीन शनिवार धावपळीत जातात, मग सवय होते.

आता कापल्या जाणाऱ्या त्या हजार युरोंकडे परत येऊ, कारण आयुष्याच्या दर्जाचा प्रश्न तिथेच आहे. नवीन आलेले लोक मला पगाराची चिठ्ठी दाखवून म्हणतात, एवढे पैसे गेले. मी त्यांना आमच्या घरातली गोष्ट सांगते. सहा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याची पाठीची चकती सरकली. एका रात्रीत पाय हलेना. शस्त्रक्रिया झाली, नऊ दिवस तो रुग्णालयात होता. आमच्या हाती बिल आलं ९० युरोंचं, रोजचे दहा. पहिले सहा आठवडे कंपनीने पूर्ण पगार दिला. त्यानंतर विमा कंपनीकडून पैसे सुरू झाले, कापण्याआधीच्या पगाराच्या ७० टक्के, पण हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंतच, आणि तीन आठवडे पुनर्वसन केंद्रात पाठवलं तेव्हाही रोजचे दहाच युरो. नोकरी त्याची वाट बघत होती. त्या चार महिन्यांत मी घाबरले ती त्याच्या पायासाठी. पैशासाठी एकदाही घाबरावं लागलं नाही. साताऱ्याला माझ्या काकांच्या अशाच आजारपणात जमीन विकावी लागली होती. ते मी जवळून पाहिलंय. म्हणून त्या हजार युरोंना खर्च म्हणायला माझी जीभ वळत नाही.

याच पैशांत पत्नी आणि मुलगी तुमच्या विम्यात वेगळा हप्ता न भरता येतात. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मुलांच्या औषधांना काही द्यावं लागत नाही. कायद्याने वर्षाला किमान २० दिवस रजा आहे, पण बहुतेक कंपन्या ३० च्या आसपास देतात, आणि ती घेतली नाही तर साहेबच विचारतो की कधी घेणार. संध्याकाळी सहानंतर फोन येत नाही. पेन्शनला पाच वर्षं भरणा झाला की हक्क तयार होतो, आणि भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू असल्याने ती म्हातारपणी साताऱ्यात बसूनही मिळते.

पण अडचणीही तितक्याच खऱ्या. तातडीचं नसेल तर त्वचेच्या डॉक्टरची वेळ तीन महिन्यांनी मिळते. रात्री-अपरात्री, जिवावरचं नसलेल्या दुखण्यासाठी ११६११७ वर फोन करायचा असतो, आणि तिथे जर्मन आलं तर काम लवकर होतं. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. तो अंधार पहिल्या वर्षी अंगावर येतो, विशेषतः दिवसभर घरी असणाऱ्या माणसाच्या. आणि घरकाम सगळं तुमचं. पुण्यात भांड्यांना बाई, कपड्यांना इस्त्रीवाला, गाडी धुवायला माणूस, असं आपलं आयुष्य अनेकांच्या स्वस्त श्रमांवर उभं असतं. इथे २०२६ पासून तासाचं किमान वेतन १३.९० युरो आहे, म्हणजे मदतनीस क्वचितच परवडतो. त्याखेरीज इथे केअरवोखे नावाची प्रथा आहे. आठवड्याची पाळी लागली की दारावर पाटी लटकते आणि त्या आठवड्यात इमारतीचा जिना आणि अंगण तुम्ही झाडायचं. माझा नवरा इंजिनिअर आहे, शेजारचे आजोबा निवृत्त न्यायाधीश होते, दोघंही आपापल्या आठवड्यात झाडू घेऊन उतरायचे. मला यातली समानता मनापासून आवडते. पण ज्या घरात "हे काम बायकोचं" असं चालत आलंय, त्या घराचा इथे एका वर्षात कडेलोट होतो, हेही मी पाहिलंय.

तुमच्या पत्नीबद्दल, कारण तोच मुद्दा निर्णायक आहे. तुम्ही ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर याल, आणि ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन यावं लागत नाही, आल्याबरोबर कोणतंही काम करायला परवानगी असते. कागदावर हे उत्तम. पण फिजिओथेरपी हा इथे नियंत्रित व्यवसाय आहे. पदवीची समकक्षता तपासली जाते, तासांमध्ये कमी आढळलं तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते, आणि जर्मन बी-२ पर्यंत (ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांतली चौथी) लागते. फिजिओथेरपिस्टची इथे टंचाई आहे, दवाखाने हातचं सोडून माणूस शोधत असतात, पण कागद पूर्ण झाल्याशिवाय कोणी घेऊ शकत नाही. पुण्यातून शून्यावर आलेल्या बाईला या सगळ्याला दोन ते तीन वर्षं लागलेली मी पाहिली आहेत. बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात निदान बी-१ करून आलेल्या बाईचं दीड वर्षात जमलेलं पाहिलंय. हा अर्ध्या ते दीड वर्षाचा फरक तुमच्या घराच्या हिशोबात दरमहा दीड हजार युरोंचा आहे.

मधल्या काळात तिला मिनीजॉब सुचवला जाईल. २०२६ मध्ये महिन्याला ६०३ युरोंपर्यंत, तिच्या पगारातून जवळपास काही न कापता. हॉटेलात, दुकानात, पॅकिंगमध्ये. पैसे बरे वाटतात, पण भाषेचा वर्ग त्यात बुडतो आणि बेकारी विमाही मिळत नाही. शनिवार-रविवारी ठीक, आठवड्याचे दिवस भाषेला द्यावेत असं माझं मत.

तिचा पगार सुरू झाला की कराच्या वर्गाचा घोळ येतो, आणि यात मी लोकांना सगळ्यात जास्त चुकताना पाहते. तुम्ही तिसऱ्या वर्गात राहिलात तर ती पाचव्यात जाते आणि तिच्या पगारातून एवढा कर कापला जातो की तीच म्हणते, एवढ्यासाठी कशाला काम करू? तो कर म्हणजे आगाऊ भरणा असतो. वर्षअखेरी दोघांचं एकत्र विवरणपत्र भरलं की एकूण कर तेवढाच येतो, वर्ग कुठलेही असोत. पण आजारपणाचे पैसे, बेकारी भत्ता, बाळंतपणानंतरचा एल्टर्नगेल्ट हे हातात येणाऱ्या पगारावर ठरतात. म्हणून दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर दोघं चौथ्या वर्गात जा, तिथे दोघांचा कर सारख्याच हिशोबाने कापला जातो, आणि तेही बरेच महिने आधी, कारण एल्टर्नगेल्टसाठी मागच्या बारा महिन्यांत जास्त काळ कोणता वर्ग होता ते बघतात. या एका गोष्टीने वर्षभरात काही हजारांचा फरक पडलेला मी माझ्या टेबलावर पाहिला आहे.

मुलीचं वय योग्य आहे. चौथ्या वर्षी आलेली मुलं सहा-आठ महिन्यांत भाषा उचलतात. २०२६ च्या ऑगस्टपासून पहिलीच्या मुलांना दिवसभर शाळेत सांभाळलं जाण्याचा कायदेशीर हक्क मिळायला सुरुवात होते आहे, ती पहिलीत जाईल तेव्हा तुमच्या पत्नीला त्याचा उपयोग होईल. चौथीनंतर मुलांना वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागतात. नंतर वाट बदलता येते, पण सोपी नाही, त्यामुळे पहिली ते चौथी तिच्या जर्मनकडे लक्ष ठेवा. मराठीची काळजी मात्र घरीच घ्यावी लागेल. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, आपली माणसं इथे भरपूर आहेत, गणपतीला आणि दिवाळीला एकत्र जमणं होतं, पण भाषा टिकते ती रोजच्या जेवणाच्या टेबलावर.

एक धोका स्पष्ट सांगायला हवा. तुम्ही वाहन उद्योगात येताय आणि हा उद्योग सध्या अडचणीत आहे, पुरवठादार कंपन्यांनी माणसं कमी करण्याच्या घोषणा केल्या आहेत. सहसा पहिले सहा महिने परीक्षाकाळ असतो, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते, आणि बेकारी भत्त्याचा हक्क बारा महिने भरणा झाल्यावर येतो. म्हणजे पहिलं वर्ष बिनजाळीचं. त्यासाठी तिघांचे निदान चार महिने निघतील एवढे, म्हणजे १२,००० युरो हाताशी ठेवून या. तेवढे नसतील तर परीक्षाकाळ संपेपर्यंत तुम्ही एकटे राहा, आणि घराचा बंदोबस्त झाल्यावर दोघींना आणा. सहा महिन्यांचा दुरावा जड जातो, पण त्या काळात तिचा जर्मनचा वर्गही पुण्यात पूर्ण होतो.

आई-वडिलांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, तरी लिहिते. माझ्या वडिलांची तब्येत अचानक बिघडली तेव्हा फ्रँकफर्ट, मुंबई आणि पुढे साताऱ्यापर्यंत पोचायला मला बावीस तास लागले, आणि ते दोन तासांपूर्वी गेले होते. वरच्या हिशोबात याला रकाना नाही. तुमच्या घरी कोण आहे, भाऊ-बहीण जवळ आहे का, यावर या प्रश्नाचं वजन ठरेल आणि ते तुम्हीच ठरवू शकता.

माझ्या मते तुम्ही यावं, जर पत्नीला स्वतःला यायचं असेल तर. तुमच्याबरोबर फरफटत येणार असेल तर सहाशे युरोंच्या शिलकीसाठी येऊ नका. दोघं कमवायला लागलात की महिन्याला दोन हजारांच्या आसपास मागे पडतात, आणि ब्लू कार्डवर २१ महिन्यांत बी-१ भाषेसह, किंवा २७ महिन्यांत ए-१ सह कायम वास्तव्य मिळतं, त्यानंतर नोकरी गेली तरी देश सोडायची धास्ती राहत नाही.

कंपनीला होकार कळवण्याआधी एक काम करा. पत्नीच्या कॉलेजातून तिच्या अभ्यासक्रमाचे विषयवार तास आणि प्रत्यक्ष रुग्णांवर केलेल्या कामाचे तास दाखवणारं, सही-शिक्क्याचं पत्र काढून घ्या, दोन प्रतींत. इथे आल्यावर ते मागवायला माझ्या एका मैत्रिणीला अकरा महिने लागले, आणि तोवर तिचा अर्ज तसाच पडून होता.